रस्ता आमचा की आपला?

राज्य महामार्ग कुणीही नकाशावर आणील. तो रुंद असतो, त्याला नंबर असतो आणि तो एकदम कुणाच्या गोठ्यात शिरत नाही. माझ्या वाट्याला आले ते उरलेले रस्ते. आगाशीच्या बाजारामागून निघायचे, राजोडी-कळंबकडे जातो जातो म्हणत केळीच्या वाड्यांत घुसायचे, कुणाच्या तरी ओट्याला अंग घासत पुढे सरकायचे आणि शेवटी एखाद्या म्हशीपाशी येऊन संपायचे.

नोकरीतून लवकर निवृत्ती घेऊन मी विरारच्या फ्लॅटमध्ये बायकोच्या पायात पायात येत होतो. तिनेच ओळखीच्या एकाला गळ घातली असावी, असा माझा दाट संशय आहे. त्याने नकाशे करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मला चिकटवलं. "स्कूटर चालवता येते ना? मोबाइल चालवता येतो ना? झालं तर मग!" दोन्ही एकाच वेळी चालवता येतात का, हे त्याने विचारलं नाही आणि मीही मान डोलावली.

काम तसं सोपं. ॲप चालू करून रस्त्यावरून जायचं, मागे निळी रेघ उमटते. मग रेघेचं नाव लिहायचं, रस्ता कसा आहे ते लिहायचं आणि देखभाल कुणाची ते निवडायचं: सार्वजनिक की खाजगी.

राजोडीच्या अलीकडे एका गावात नावं विचारत फिरलो, तर जो तो म्हणे, "ही पाखाडी." पुढच्या गल्लीत विचारलं, "ही पण पाखाडीच." मला आनंद झाला. मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, डोंगर चढून घराकडे जाणारी. इथे पायऱ्या दिसल्या नाहीत, पण म्हटलं, वरून डांबर ओतलं असेल, खाली जुन्या पायऱ्या असतीलच. ॲपमध्ये 'पायऱ्या' असा पर्याय होता. तो मी प्रामाणिकपणे सगळीकडे टिचकवला.

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या मुलीचा फोन. ती माझी वरिष्ठ, वयाने माझ्या मुलीएवढी. "सर, समुद्राकाठी, एवढ्या सपाट जागेत, एवढे जिने?"

"जुने असतील," मी म्हणालो.

"सर, एका जिन्यावरून तुम्ही स्वतः स्कूटरने गेलायत. रेकॉर्ड आहे."

म्हणून मी परत गेलो. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी मावशी अंगणात सुपातले बोंबील उलटे-पालटे करत बसली होती. गळ्यात क्रूस, डोक्याला फडकं. मी विचारलं, "मावशी, ही पाखाडी जाते कुठे?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाखाडी कंय जाल रे बाला? ती हयंच हाय. आमचे बापआजे हयंच, आमी पन हयंच. जातंय कोन?"

तेव्हा कुठे उजेड पडला. इथे पाखाडी म्हणजे वाट नव्हे, वस्ती. मी अख्ख्या वस्तीला जिना ठरवून बसलो होतो.

मावशीला माझ्या मोबाइलचा संशय आला, मग कुतूहल वाटलं, आणि मी रस्त्यांचं काम करतो असं कळल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं. "चल, दाकवते." गल्लीच्या मध्यावर, रस्त्याखालून पाणी जायला, मोरी होती, आणि मोरीवरची दगडी लादी मधोमध खचली होती. तिच्या नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. रिक्षावाले मोरीपलीकडून आत येत नाहीत. मग शेजारचे दोघे-तिघे त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेतात. गेल्या आठवड्यात एकाचा पाय त्या खाचेत गेला, म्हातारा खुर्चीसकट कलंडला. "आता तो बोलते, मना नाय जायाचा. मरन आलं तं हयंच येऊ दे." ती एवढंच बोलली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी घाईघाईने ॲप उघडलं.

"मावशी, हा रस्ता कुणाचा?"

"आमचा," ती छाती काढून म्हणाली.

आमचा. मी 'खाजगी' निवडलं आणि खुशीत घरी आलो. एक काम तरी चोख झालं!

संध्याकाळी त्या मुलीचा पुन्हा फोन. "सर, जिने काढले, थँक यू. तो खाजगीवाला रस्ता मी काढून टाकतेय. दुरुस्तीसाठी पुढे सरकारकडे फक्त सार्वजनिक जातात."

"काढू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून पळी घेऊन बाहेर आली.

रविवारी सकाळी चर्चमधला मिस्सा सुटल्यावर मी पाखाडीत हजर. मावशीच्या अंगणात समोरचे चिकूच्या वाडीवाले काका होते. मी दोघांना समजावून सांगितलं, की रस्ता सार्वजनिक लिहिला तर मोरी दुरुस्त होऊ शकते.

काका ताडकन उठले. "सार्वजनिक? मग उद्या रुंद करायला येतील. माझं कुंपण जाईल, दोन कलमं जातील. मुळीच लिहायचं नाही!"

"मग खाजगी लिहू?"

"खाजगी कसा? आपला आहे तो!"

"मावशी म्हणाल्या, आमचा."

"आमचा म्हणजे आपलाच!"

"आपला म्हणजे माझा पण?"

काका गोंधळले. मी तर केव्हाचाच गोंधळलो होतो. "तुम्ही कुठले?" त्यांनी विचारलं.

"विरारचा. म्हणजे मूळ रत्नागिरीचा."

"मग तुमचा नाही. आमचा."

"म्हणजे खाजगी."

"अहो, खाजगी नाही म्हणतोय ना!"

मावशीने दोघांना गप्प केलं. "तुमी दोघां लिवत बसा. माजो घोव तवर खाटेवर." मग काकांकडे वळून म्हणाली, "तुज्या विहिरीवर धुनं धुवायची लादी पडली हाय. मोटर लावल्यापासून कोन धुते तिच्यावर? दे ती."

लादी काकांच्या आजोबांनी बसवलेली. शेवटी म्हणाले, "देतो. पण सार्वजनिक लिहायचं नाही."

लादी काढायला पहारी आल्या, चर्चमधून परतणारी माणसं चांगल्या कपड्यांतच बाह्या सरसावून उभी राहिली. मी आपला बाजूला राहून सूचना देत होतो. कुणीतरी माझ्या हातात डबराचं घमेलं दिलं आणि "तोंड नंतर चालवा" असं सांगितलं. घमेलं मी बरोबर खाचेच्या पलीकडे ओतलं. ते परत भरायला दोघे लागले.

लादी बसली. आता मी बसून हिशोब मांडू लागलो. लादी काकांची. खालची मोरी कुणाची, कुणालाच ठाऊक नाही. मजुरी सगळ्यांची, त्यात थोडीशी माझी. ॲप मात्र तेच विचारतंय: सार्वजनिक की खाजगी? मी त्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "सर, 'इतर' निवडा आणि थोडक्यात लिहा." मी लिहायला घेतलं: 'रस्ता आमचा म्हणजे आपला, पण तुमचा नाही...' ॲपने ते घेतलं नाही. अजून ती रेघ तशीच अर्धवट आहे. मोरीचं काम कुणी पुढे करील की नाही, आणि ती लादी किती पावसाळे टिकेल, मला सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी राहवलं नाही म्हणून गेलो. रिक्षा मोरीपाशी थांबली होती. रिक्षावाला उतरून लादीवर पाय आपटून बघत होता. "कोणी बसवली?" त्याने विचारलं. काकांनी मावशीकडे बोट केलं, मावशीने काकांकडे. तो परत आत बसला, आणि रिक्षा हळूहळू, जराही न डचमळता मोरी ओलांडून मावशीच्या दारात गेली.

दोघांनी म्हाताऱ्याला धरून रिक्षात बसवलं. तो अजून रागावलेलाच होता. पण बसताना त्याने दारातली ती प्लास्टिकची खुर्ची पायाने बाजूला लोटली, आता ही नको म्हणाल्यासारखी.

रिक्षा वळून निघाली. मी गल्लीच्या मधोमध उभा, हातात मोबाइल. रिक्षातून मावशीचा आवाज आला, "बाजूला हो रे बाला, रस्त्यात उभा हाय तू!"

मी पटकन बाजूला झालो. एका बाजूला काकांचं कुंपण होतं आणि दुसऱ्या बाजूला गटार. मी गटाराची बाजू निवडली.