एनॉकच्या कोटातली राणी

एनॉक टॅटरसॉल आठवडाभर गिरणीतल्या लोकांसाठी लाकडी तळाचे बूट बनवायचा आणि रविवारी किड्यांच्या मागे पळायचा. बूट पोटासाठी, बाकी सगळा मी रविवारचाच, असं तो स्वतःच सांगायचा. त्याची टोपी आतून बुचाने मढवलेली. माळावर एखादं फुलपाखरू, पतंग सापडला की तिथल्या तिथे टाचणीने टोपीत टोचायचा आणि टोपी डोक्यावर घालून घरी यायचा. जाळी बायकोच्या पडद्याची. केझाया त्या पडद्यावरून त्याला दरवर्षी थंडी सरली की ऐकवायची, आणि तो दरवर्षी तितक्याच शांतपणे ऐकून घ्यायचा.

त्यांचं कीटक मंडळ पबच्या माडीवर जमायचं. विणकर, न्हावी, कोळशाच्या खाणीतले लोक. टेबलावर बिअर आणि ओटच्या भाकऱ्या, त्यांच्यामध्येच पतंगांच्या पेट्या, आणि पाइपांचा इतका धूर की पलीकडचा माणूस नुसता आवाजावरून ओळखावा लागायचा. मंडळ सुरू केलं होतं जेथ्रो हॉल्रॉइडने. हातमागावरचा जुना विणकर. एनॉकच्या हातावर आयुष्यातला पहिला सुरवंट त्यानेच ठेवला होता, म्हणून एनॉकचे केस पांढरे झाले तरी जेथ्रो त्याला पोराच म्हणायचा.

त्या वर्षी जेथ्रोच्या छातीने दगा दिला. अंथरुणातून उठायची सोय राहिली नाही, मग मंडळच रविवारी त्याच्या पलंगाभोवती जमायला लागलं. एप्रिल आला तसा तो खिडकीकडे बघत म्हणाला, "सम्राट पतंग उडायला लागले असतील रे माळावर. या खेपेला माझ्याशिवायच."

एनॉकच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्याशिवाय कशाला? पुढच्या रविवारी इथे आणतो त्यांना."

"माळच उचलून आणतोस की काय?" सायलस न्हावी म्हणाला. "पोतं देऊ?"

सगळे हसले. जेथ्रो हसला नाही. तो एनॉककडे असा बघत राहिला की आता शब्द मागे घ्यायची सोयच नव्हती.

वेडेपणा नव्हता तसा. सम्राट पतंगाची मादी कोषातून निघाली की एका जागी बसून राहते, आणि तिच्या वासाने नर भर दुपारी कुठून कुठून उडत येतात. हे मंडळातल्या सगळ्यांनी माळावर पाहिलेलं होतं. पण गावात, गिरण्यांच्या धुरात, हे कुणी करून बघितलं नव्हतं. एनॉकच्या स्वयंपाकघरात गेल्या उन्हाळ्यापासून जपलेला एक कोष होता. एकच.

आणि रविवारी सकाळी त्या कोषातून राणी निघाली. राखाडी, मऊ, पंखांवर डोळे. घरात मांजर, म्हणून त्याने तिला छोट्या डबीत ठेवलं, वर मलमल बांधली, डबी कोटाच्या आतल्या खिशात, आणि तसाच प्रार्थनेला जाऊन बसला. परत येऊन बघतो तर मलमल सैल, आणि बाईसाहेब खिशाबाहेर येऊन अस्तराला धरून निवांत बसलेल्या.

"देवाच्या घरी सवत घेऊन बसला होतास," केझाया म्हणाली.

त्याने राणीला परत डबीत घातलं. जेवणानंतर निघाला. पुलावर सायलस भेटला, अस्तराची गंमत ऐकून म्हणाला दाखव तरी, मग दाखवली, घाईत मलमल बांधली आणि दोघं पुढे गेले.

जेथ्रोच्या खोलीत सगळं मंडळ आधीच येऊन बसलेलं. त्याची मुलगी हेस्टर खिडकीसमोर उभी. "खिडकी उघडायची नाही. बाबांच्या छातीत वारा भरला तर रात्री कोण बसणार, सायलसकाका तुम्ही?"

"हेस्टर," जेथ्रो म्हणाला, "उघड गं."

तिने उघडली. एनॉकने डबी काढली, मलमल सोडली.

डबी रिकामी.

त्याने खिसे उलटे केले, अस्तर चाचपलं, टोपीतसुद्धा बघितलं. पुलावरच कुठेतरी वाऱ्यावर गेली असणार. एनॉकला वाटलं आत्ता जमीन फाटावी. एवढ्या लोकांसमोर शब्द दिला, आजारी माणसाला गारठ्यात बसवलं, आणि हातात काय, रिकामी डबी.

"असू दे पोरा," जेथ्रो म्हणाला. थंडीने त्याचा आवाज कापत होता. एनॉकला दुसरं काही सुचलं नाही, त्याने कोट काढला आणि त्याच्या अंगावर पसरला, तसाच, अस्तर वर.

हेस्टर खिडकी लावायला गेली. "राहू दे थोडी," जेथ्रो म्हणाला. "माळाचा वास येतोय."

खरं तर नुसत्या धुराचा येत होता.

आणि तेवढ्यात काहीतरी नारिंगी खिडकीतून आत घुसलं, पडद्यावर आपटलं, खोलीभर भिरभिरलं आणि सरळ कोटावर उतरलं. नर होता. पंख थरथरवत आतल्या खिशाभोवती नुसता वेड्यासारखा शोधत सुटला. मागोमाग दुसरा. मग तर येतच राहिले.

"अरे," सायलस हळूच म्हणाला, "सकाळभर बसली होती ना ती या अस्तरावर. तिचा वास राहिलाय."

जेथ्रोच्या छातीवर माळ उतरला होता. एक तर त्याच्या बोटावर चढला, त्याने हात हलवला नाही, श्वाससुद्धा जपून घेतला. एवढे पट्टीचे पतंग पकडणारे खोलीत, पण कोणी जाळी उचलली नाही, कोणी टाचणी काढली नाही.

"एनॉक पोरा," जेथ्रो म्हणाला, "तुझ्या कोटाचं लग्न ठरलंय वाटतं." आणि हसता हसता खोकला, आणि हेस्टरने पाठ चोळली, पण खिडकी लावली नाही.

संध्याकाळी एनॉक नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत घरी आला.

"कोट कुठाय?" केझायाने विचारलं.

"जेथ्रोच्या अंगावर. पाहुणे बसलेत त्यावर अजून."

जेथ्रो मे महिन्यात गेला. शेवटपर्यंत त्याने तो कोट पांघरुणावरून काढू दिला नाही, आणि एनॉकने कधी परत मागितला नाही. पुढच्या थंडीत तो दुकानात सदऱ्यावरच बसलेला बघून केझाया म्हणाली, "अजून एक पडदा उरलाय माझा. त्याचाच शिवून देऊ का कोट?"

आणि खरंच शिवला.