मागच्या शेडचं प्रजासत्ताक

सीमेवर लढाई पेटली त्याच आठवड्यात हमरापूरच्या आमच्या गणपतीच्या कारखान्याची फाळणी झाली. सीमेवरच्या लढाईची कारणं टीव्हीवाले तासातासाला सांगत होते. आमच्या लढाईचं खरं कारण फक्त मला ठाऊक होतं, आणि बाबांनी माझ्याकडून शपथ घेतली होती.

बाबांचा हात थरथरायला लागला होता. आमच्याकडे लहान मूर्तींची आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, आत्या करायची आणि मोठ्या मूर्तींची बाबा. या भावंडांच्या हाताचं पेणपर्यंत नाव होतं. अशात परदेशात माल पाठवणारा व्यापारी म्हणाला, लढाईमुळे जहाजं कधी अडकतील सांगता येत नाही, ऑर्डर सोमवारपर्यंत तयार हवी. आता मोठ्या मूर्तींचं काय? धाकट्या बहिणीला खरं सांगून मदत मागायची, तर बाबांचा मानीपणा आडवा आला. त्यांनी फर्मान काढलं, "डोळ्यांत काय एवढं? साचेवाल्यांनीपन ब्रश धरा."

आत्या ताडकन उठली. "डोळे म्हंजे पुट्टी हाय काय, कोनीपन मारायला?"

हाताखालच्या दोन बायकांना घेऊन ती मागच्या शेडमध्ये गेली आणि दारात नायलॉनची दोरी बांधली. ब्रश पुसायचं फडकं काठीला लावून बाहेर रोवलं. त्या फडक्यावर जगातल्या सगळ्या देशांचे रंग होते. दिवसभर बातम्या ऐकून तयार झालेल्या एका साचेवाल्याने जाहीर केलं, की हे आता स्वतंत्र प्रजासत्ताक आहे. आत्याला तो शब्द फार आवडला. ती अध्यक्ष झाली, दोघी बायका मंत्रिमंडळ झाल्या, आणि बाबांशी बोलणाऱ्याला हद्दपार करायचा कायदा एकमताने पास झाला.

मी रोह्याला कंपनीत आहे. सकाळची शिफ्ट संपवून गाडीने घरी यायचं, की लगेच वकिलातीचं काम सुरू. चहाची शेगडी प्रजासत्ताकात राहिली होती आणि नळ बाबांकडे. एका बादलीला एक किटली, असा करार मी घडवून आणला. शेजारच्या कारखान्यातल्या काकूंनी मागच्या शेडला कैरीचं लोणचं पाठवलं, म्हणजे मान्यताच दिली. बाबांना लोणचं आलं नाही, आणि ते त्यांना भलतंच लागलं.

इकडे साचेवाल्यांनी आखलेला पहिला गणपती नुकताच विजेचा झटका बसल्यासारखा दिसू लागला. दुसरा बघून त्यांनीच हात जोडले. मी बाबांना म्हटलं, आत्याला सांगून टाका ना. "तिला कळलं तर गावाला कळलं," ते म्हणाले. मला इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांचा चहा स्वतः पिऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, सायरनचा सराव झाला. दहा मिनिटं गावातले दिवे घालवले. ते परत आले तेव्हा बाबा शटर ओढून एकटेच आखणीला बसले होते.

सकाळी मी शटर उघडलं. बावीस मोठे गणपती, बावीसही तिरळे. एकाचा एक डोळा पनवेलला लागलेला, दुसरा रोह्याला. मला हसू फुटलं, आणि बाबांचा चेहरा बघून माझीच मला लाज वाटली.

तेवढ्यात व्यापारी आला, एक दिवस आधीच. गाडीचा आवाज ऐकून आत्याही दोरीखालून वाकून आली. ती टोमणा मारायलाच आली होती, मी तिला ओळखते. तिने मूर्ती बघितल्या. मग बाबांनी पाठीमागे लपवलेले हात बघितले, आणि टोमणा गिळला.

"हे कोणी काढले?" व्यापाऱ्याने विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं, पण शब्द आधी आत्याचे आले. "मी. सायरन वाजला, लायटी गेल्या, घाईत बिघडले. उद्याच्याला नीट करून देते."

"बावीसच्या बावीस?" तो हसला. "मावशी, तुमचा हात गेला आता."

"व्हय," आत्या म्हणाली. "वय झाला."

ज्या हातासाठी तिने वेगळा देश काढला होता, त्याची अब्रू तिने उभ्या उभ्या देऊन टाकली. संध्याकाळपर्यंत ते पेणभर होईल, हे तिलाही माहीत होतं.

गाडी गेली तशी ती पहिल्या मूर्तीसमोर बसली आणि मूर्तीचे तिरळे डोळे पुसायला लागली.

"कधीपास्ना?"

"दिवाळीपास्ना," बाबा म्हणाले.

"आनि मला सांगायचं सोडून माझ्याशी लढाई केलीस?"

बाबांना रडू आवरेना. आत्या खेकसली, "मागं सरक रे दादा, रंग ओला हाय."