हिरालालचं थांबवणं

केनवडच्या हिरालालला कोणतीही गोष्ट हळूच थांबवणं म्हणून कधी जमलंच नाही. कोबीला भाव मिळेना, तेव्हा पठ्ठ्याने उभ्या कोबीत ट्रॅक्टर घातला. पाण्याच्या पाळीवरून धाकट्या भावाशी, दौलतशी, वाजलं, तेव्हा त्याने बोलणंच तोडलं. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यापलीकडे दौलत राबताना दिसला, की हा मान फिरवायचा.

त्या सकाळी लेक सुचिता ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. काळ्या पडद्यावर तिचा प्रोग्राम अडकला होता. काहीही टाइप केलं तरी ढिम्म, उत्तर म्हणून नाही.

"बंद कर त्याले!" म्हणत हिरालालने सरळ भिंतीतली पिनच उपटली, विहिरीवरची मोटर बंद करावी तशी. पडद्यावरची अक्षरं तशीच उजळ. "लाइट काढली तरी चालूच?" तो चरकला.

"बाबा, याच्यात बॅटरी आहे. तुमी फक्त पाहा." सुचिताने कंट्रोल आणि सी ही दोन बटणं एकदम दाबली. प्रोग्राम जागच्या जागी थांबला. मशीन मात्र जागंच होतं. खालच्या ओळीत एक छोटा चौकोन लुकलुकत पुढच्या कामाची वाट पाहत होता.

देवळात बसावं तसा मांडी घालून हिरालाल त्या चौकोनाकडे बघत राहिला. "मधातच थांबवलं याले," तो हळू आवाजात म्हणाला, "पण रुसलं नाही पाह्य!"

मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या प्रयागबाईचे हात थांबले. धुऱ्याकडे बघत तिने नवऱ्याला विचारलं, "मंग दौलतभाऊजीले चहाले हाक मारू का?"