दहापैकी दहा

झाशीतल्या आमच्या कॉलनीत कुटुंबांच्या सुखाचा सर्व्हे करायला पहिल्यांदा एक बाई आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. मला शाळेत नोकरी चालून आली होती, आणि त्याच सकाळी नवऱ्याने मला न विचारता ती परस्पर नाकारली होती. बाहेर बाईने विचारलं, "भाभीजी अपनी जिंदगी से कितनी खुश हैं? दस में से?"

"दस लिखिए," नवरा म्हणाला.

मी पातेलं ओट्यावर आपटलं. कोणी वळूनही पाहिलं नाही.

पुढे जिल्ह्यातल्या बायका समाधानी असल्याचं पेपरात छापून आलं. "बघ, सरकारी आकडा आहे," म्हणत त्याने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. ते कात्रण मी अजून जपून ठेवलंय.

गेल्या महिन्यात पुन्हा सर्व्हेवाली आली. नवरा आता रिटायर झालाय. गुडघे दुखतात, मुलगा फोन करत नाही, घरात आपल्याला कोणी विचारत नाही, हे सगळं तिला सांगायला तो सरसावून बसला होता. तिने त्याच्या समाधानाचा प्रश्न वाचला. त्याने घसा खाकरला, तेवढ्यात मी म्हणाले, "दस लिखिए. इन्हें किसी बात की कमी नहीं."

"अगं, पण..."

"अहो, त्यांच्यासाठी चहा टाका ना."

तो आत गेला. बाईने दहा भरले. आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला, तशी तिने दचकून मान वर केली.

"कुछ नहीं," मी म्हणाले, "आप अगला सवाल पूछिए."