वरच्या लेव्हलचं गवत

माझ्या साडूंचा ज्याला एकदाही राग आला नाही असा माणूस नाशकात अजून जन्मायचा आहे, आणि जन्मलाच तर साडू त्याच्या बारशाला जाऊन, त्याच्या तोंडात सगळाच्या सगळा पेढा कोंबून तीही उणीव भरून काढतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे देवळ्याचे, घरचा कांदा. पण तरुणपणीच अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पत्र्यावर दणके घालण्यात उमेदीची वर्षं गेली म्हणून की काय, बेताने करणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. ‘कमी पडाया नको’ एवढं एकच तत्त्वज्ञान घेऊन हा गृहस्थ आयुष्यभर जगला, आणि त्याचे सगळे भोग आम्ही भोगले.

त्यांच्याकडे जेवायला जायचं म्हटलं की मी सकाळपासूनच चिडलेला असतो. एकदा मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर त्यांनी आमरसाची वाटी माझ्या हातांवर रिकामी केली आणि वर म्हणाले, “चाटा आता साडूभाऊ, वाया नाय जाऊ द्यायचं.” आमच्या बेसिनचा नळ टपकतो असं बायको सहज बोलून गेली, तर त्यांनी तो असा काही आवळला की टपकणं थांबलं आणि पाणी येणंही थांबलं. प्लंबर उगवेपर्यंत मी मोरीत दात घासत होतो, आणि हे रोज फोन करून विचारत होते, “बघा, टपकतंय का आता?” पाहुण्याला निरोप देण्याची तर वेगळीच तऱ्हा. एका पाहुण्याला सोडायला ते नाशकातल्याच द्वारका चौकापर्यंत गेले, त्याला मालेगावच्या बसमध्ये बसवलं, आणि बस हलली तरी खिडकीचा गज धरून “अजून एक दिस ऱ्हायला असता तर काय बिघडलं असतं?” करत धावू लागले. कंडक्टरने घाबरून घंटी मारली. पाहुणा मुकाट्याने पिशवी घेऊन उतरला आणि साडूंच्या मागोमाग परत आला. असल्या माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

अशा माणसाच्या हाती गोल्फ पडला. खरा नव्हे, टॅबवरचा. मध्यंतरी त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या त्यांच्या एकुलत्या एक लेकीने हा खेळ त्यांना लावून दिला. काचेवरून बोट मागे ओढायचं आणि सोडायचं. जितकं ओढाल तितका चेंडू जोरात जातो. शेवटी चेंडू ज्या भोकात घालायचा त्याला साडू गल म्हणतात, गोट्यांच्या खेळातली. लेक बंगळुरूहून, हे सिडकोतल्या घरातून, असे बापलेक रोज संध्याकाळी खेळत आणि एकमेकांना फोनवर शिव्या घालत. त्या दिवसांत साडू इतके खुशीत होते की मला राग यायचाही कमी झाला होता.

मग त्यांनी लेकीच्या लग्नाचा आग्रह धरला. धरला म्हणजे कसा, तर तिला न विचारता सिन्नरकडच्या एका स्थळाला होकार कळवून टाकला. दिवाळीला ती दारात उभी राहिली तेव्हा हॉलमध्ये ती मंडळी सतरंजीवर बसलेली, आणि सुपारी फोडायला साडूंच्या हातात अडकित्ता! पोरगी बॅगही न उघडता परत गेली. तेव्हापासून ती फक्त आईला फोन करते. बापाने फोन हातात घेतला की तो कट होतो.

आता उरला होता तो खेळ. तिचं नाव तिथे रोज दिसायचं, पण ती वरच्या लेव्हलला गेलेली, आणि वरच्याने खालच्याशी खेळायचं नाही असं त्या खेळाचं सोवळं आहे. साडूंनी ठरवलं, आपण वर जायचं. आमचं वायफाय चांगलं म्हणून दर रविवारी ते टॅब घेऊन माझ्या सोफ्यावर ठाण मांडू लागले. खालच्या लेव्हलचं गवत जाड. तिथे चेंडू अडकून अडकून चालतो, त्यामुळे साडूंची दांडगाई खपून गेली. उन्हाळाभर दणके घालत ते खरोखरच वर चढले, आणि त्या दिवशी मला बळेच चार पेढे खावे लागले.

पण वरच्या लेव्हलचं गवत निराळं निघालं. गलीभोवती जे बारीक कापलेलं गवत असतं, ज्याला ग्रीन म्हणतात, ते तिथे तेल सांडलेल्या फरशीसारखं. चेंडूला नुसतं शिवलं तरी तो पळतो. साडूंनी सवयीने बोट ओढून सोडलं. चेंडू गलीवरून गेला, ग्रीन ओलांडून वाळूत पडला. वाळूतून मारला तो पलीकडच्या तळ्यात. “हाई काय शे?” साडू ओरडले. ते अहिराणीत शिरले म्हणजे राग टाळूला भिडला असं समजायचं. मग त्यांनी काच पुसली, माझ्या वायफायला नावं ठेवली, खेळ काढणाऱ्या कंपनीच्या आयमायचा उद्धार केला, आणि पुन्हा तसाच दणका घातला.

“अहो, हळू मारा!” मी म्हणायचो.

“आन निम्म्यात थांबला म्हंजे? गलीपर्यंत तर गेला पाहिजे ना!”

असे रविवारांमागून रविवार गेले. ते हरत होते, आणि असंच हरत राहिले तर खेळ त्यांना पुन्हा खाली ढकलणार होता. खाली गेलं की लेक पुन्हा हाताबाहेर. लेकीला खेळायला बोलावण्याची हिंमत तर त्यांना अजून झालीच नव्हती. एका रविवारी त्यांनी गलीपासून वीतभर अंतरावरचा चेंडू तळ्यात घातला, आणि माझा तोल सुटला.

“साडूभाऊ, पोरीलाही असंच घालवलंत तुम्ही! हाताशी होती. जरा दमानं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?”

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. साडूंनी टॅब पिशवीत घातला, चपला घातल्या आणि गेले. मला वाईट वाटलं, पण रागही गेला नव्हता. खरं तेच तर बोललो होतो.

पुढे बरेच रविवार ते फिरकले नाहीत. मेव्हणी फोनवर सांगायची, दिवसभर टॅब घेऊन बसतात, बोट केसभर ओढतात आणि सोडतात. जेवताना पोळी विचारून वाढतात, नको म्हटलं तर ठेवून देतात. तिला धास्ती वाटून तिने त्यांचं बीपी तपासून आणलं होतं.

मग एका रविवारी दुपारी ते आले. सोफ्यावर बसले, लेकीच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बोलवू का?” मी मान हलवली. बराच वेळ काही झालं नाही. मग तिने होकार दिला.

खेळात बोलायची सोय नव्हती. ती मारायची, हे मारायचे. ग्रीनवर आले की साडू श्वास रोखून बोट असं ओढत, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालताहेत. चेंडू गलीपाशी जाऊन थांबू लागले, पडूही लागले. शेवटच्या गलीला त्यांचा चेंडू बोटभर अलीकडे राहिला आणि लेक एका फटक्याने जिंकली. आयुष्यात पहिल्यांदा साडूंचं काहीतरी कमी पडलं होतं, आणि ते हसत होते.

तेवढ्यात काचेवर आलं, ‘पुन्हा खेळायचं?’ खाली हिरवं बटण, शेजारी उलटे मोजले जाणारे आकडे. दोघांनी दाबलं तरच पुढचा डाव. तिने दाबलं होतं, तिच्या नावापुढे खूण दिसत होती. साडूंचं बोट बटणावर अधांतरी. “दाबू का?” ते म्हणाले. “का तिला काम असंल? आग्रह व्हायला नको.”

“दाबा हो!” मी किंचाळलो. इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता.

त्यांनी दाबलं. पण इतकं अलगद की त्या काचेला कळलंच नाही. आकडे संपले, चौकट मिटली, लेकीचं नावही दिसेनासं झालं. साडू टॅबकडे बघत राहिले.

माझा मोबाईल वाजला. ते रविवारी माझ्याकडे बसतात हे तिला मावशीकडून कळलेलं असणार. तिने लिहिलं होतं, ‘काका, बाबांनी दाबलं नाही. अजून रागावलेत का?’

मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. चष्मा वर सरकवून त्यांनी वाचलं, परत वाचलं.

“लिव्हा तिला,” ते म्हणाले, “दाबलं व्हतं म्हणावं. हळू लागलं.”

मी ते तसंच लिहून पाठवलं.