साखळीची ढील

कारंज्याचा तो मेकॅनिक गिऱ्हाइकापेक्षा गाडीशीच जास्त बोले. पोहरादेवीच्या वाटेवर माझ्या जुन्या मोटारसायकलची इंजिनाकडून क्लचकडे जाणारी साखळी तुटली, तेव्हापासून बायकोने मागे बसणेच सोडले होते. तिची खात्री पटावी म्हणून मी तिला दुकानात घेऊन गेलो आणि तो नवी साखळी बसवत असताना फूटपट्टीने साखळीची ढील पुन्हापुन्हा मोजत राहिलो.

"काहून रुसली वं बाई?" तो गाडीला म्हणाला. "मालक सारखे मापं घेऊन राह्यले म्हून?"

बायको हसली. त्याने खांद्यावरच्या धुतल्या पंच्याने मागची सीट पुसली.

"बसा, वैनी."

ती बसली. "चाला आता," मला म्हणाली, "पण ते पट्टी इथंच राहू द्या."

पट्टी अजून त्याच्याच दुकानात आहे.