बिनतेलाचं पेट्रोल

माझ्या नवऱ्याला माझे सगळे पासवर्ड माहीत आहेत. हे माहीत नाही. आईला नाही, बहिणीला नाही. बाबांना तर — पण थांबा, बाबांपासूनच सुरू करते.

नागपूरला रिंग रोडच्या कडेला चार बांबू आणि वर पत्रा, हे बाबांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान. मे महिन्यात पाना फडक्यातच धरावा लागे, इतका तापायचा. आई एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची आणि तिथल्या उरलेल्या भाजीवर आमचं भागायचं. एक खोली, पाच माणसं. दहावीच्या पुढे घरात कुणी गेलं नव्हतं. मी गेले. मेकॅनिकल इंजिनीयर झाले. हे मी अभिमानाने सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. आणि गोम तिथेच आहे.

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला नोकरी लागली, घर झालं. मग तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी क्वाड घेतली — मोटारसायकलसारखी मांड टाकून बसायची, चार जाड चाकांची, रेसची गाडी. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, हँडलवरचा थ्रॉटल अंगठ्याने जरा जास्त दाबला की पुढची चाकं उचलणारी. ऑफिसातले मित्र म्हणाले, "यार, थोडी थांबली असतीस तर नवी आली असती." नवी घेऊन काय करू? तिला तो वास नसतो. विकणाऱ्या म्हाताऱ्याने शेडमध्ये किक मारली, निळा धूर निघाला, आणि मी एकदम बाबांच्या पत्र्याखाली उभी होते. इंजिनचं कॉम्प्रेशन तपासायला गेज घेऊन गेले होते. ते पर्समधून बाहेरच काढलं नाही.

त्याच उन्हाळ्यात बाबा आले. इथलं त्यांना काहीच पटेना — ना दूध, ना ती रस्त्यावरची सामसूम. गॅरेजमध्ये मात्र ते फुलले. कार्बोरेटर उघडला, जेट बदलले, प्लगचा रंग उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "आता पोट भरलं इचं."

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. नाही दिलं तर पिस्टन कोरडा घासतो आणि सिलिंडरला चिकटून बसतो. बाबांची पद्धत ठरलेली — कॅनमध्ये आधी तेल, मग पेट्रोल, हलवायचं आणि मगच हँडलला चिंधी बांधायची. कॅन रिकामा झाला की चिंधी सोडायची. चिंधी आहे म्हणजे तेल आहे. चाळीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते.

गुरुवारी त्यांनी कॅन भरून चिंधी बांधली. शुक्रवारी मी एकटीच चक्कर मारून आले आणि तो संपवला. चिंधी सोडली नाही. शनिवारी पंपावरून तोच कॅन भरून आणला, तेल घरी टाकू म्हटलं — तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. बोलत बोलत मी कॅन गॅरेजमध्ये ठेवला आणि आत गेले.

रविवारी आम्ही नदीकाठच्या रेतीच्या मैदानावर गेलो. ऑफिसातली पाच-सहा जणं होती. बाबांनी चिंधी पाहिली आणि टाकी भरली. माझा पहिला फेरा झाला तसे जवळ येऊन म्हणाले, "आज धूर कमी आहे वं. वास बी नाही."

"इथलं तेल चांगलं असतं, बाबा," मी म्हटलं.

तेव्हा आठवलं होतं का? खरं सांगते — नाही. पण त्यांनी नेमकं तेच दाखवलं होतं, आणि मी त्यांनाच शिकवलं.

दुसऱ्या फेऱ्यात इंजिन किंचाळलं आणि मागची चाकं जागीच थांबली. मी पडले नाही. त्या शांततेत बसल्या बसल्या सगळं आठवलं — फोन, कॅन, चिंधी.

गाडी ढकलत आणली. बाबांनी कॅनमधलं उरलेलं पेट्रोल बोटांवर घेतलं, चोळलं. लगेच उडून गेलं, बोटं कोरडी. ती बोटं ते कितीतरी वेळ पाहत राहिले.

"काय गं, एक्स्पर्ट? काय झालं?" कुणीतरी हसत विचारलं.

बाबा माझ्याकडे वळले. "तेल नाही यात. मीनं टाकलं नाही का वं?"

ते विचारत होते. खरोखरच विचारत होते. आणि मी — लंचला सगळ्यांना टू-स्ट्रोकवर व्याख्यान देणारी, घरातली पहिली इंजिनीयर — हसून म्हटलं, "असू द्या, बाबा. वय झालं की होतं असं."

"काका, चलता है!" मित्र म्हणाले. बाबाही हसले.

परतताना गाडीत ते एकदाच बोलले. "चिंधी त बांधली होती पण." मी एसी वाढवला.

त्यानंतर ते सहा आठवडे होते. गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नाही. सकाळी भांडी लावायचे, संध्याकाळी एकटेच फिरून यायचे. मला एकच वाक्य बोलायचं होतं. घाबरले होते का? नाही. मला माझी ती हुशारी जपायची होती, बस. नंतर रोज वाटायचं, आता सांगितलं तर कालपर्यंत का नाही सांगितलं?

नागपूरला जाऊन त्यांनी दुकान बंद केलं. दुसऱ्याची गाडी जाळायची का, म्हणाले. आई सांगते, गॅसचं बटण तीन-तीनदा पाहतात, कुलूप लावलं की शेजाऱ्यांना ओढून दाखवायला लावतात. डॉक्टरांनी तपासलं, स्मरणशक्ती उत्तम आहे म्हणाले. "त्याले काय कळते," बाबा म्हणतात.

या हिवाळ्यात मी इंजिन खोललं. सिलिंडर बोअर करून आणले, नवे पिस्टन, नव्या रिंगा, सगळं माझ्या हाताने बसवलं. व्हिडिओ कॉलवर बाबांना ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "दोन्ही सिलिंडर बरोबर चालून राह्यले," म्हणाले. मग विचारलं, "तेल कोणं टाकलं?"

"मी."

"मग चिंता नाही."

मी "हो" म्हटलं.

इंजिन आता दुसऱ्या किकला सुरू होतं. ते मी एकटीने बांधलं आहे.